अनाथ पॅकेजसाठी परंड्याला

पुण्याहून निघाले तेव्हा मी रागात होते. बहुतेक वेळा असतेच. संगणकावर मराठी नीट चालावी म्हणून चार वर्षं पत्रकं वाटते आहे, आणि त्याच पत्रकात भजी बांधून नेणारे लोकही पाहिले आहेत. या वेळी कारण मोठं होतं. जगभरचे स्वयंसेवक मिळून जी मोफत संगणकप्रणाली चालवतात, तिच्यात मराठी शुद्धलेखन तपासणारं एक पॅकेज आहे. शब्दांची यादी आणि नियम यांचं बांधलेलं गाठोडंच म्हणा. ते सांभाळणारे गृहस्थ थकून बाजूला झाले. असं पॅकेज आमच्यात 'अनाथ' म्हणून जाहीर होतं. शनिवारपर्यंत कुणी पुढं आलं नाही, तर नव्या आवृत्तीतून ते जाणार होतं. वापरणारे ढीगभर, तक्रार करणारे त्याहून जास्त. सांभाळायला कोण?

एकच नाव होतं. परंड्याच्या मंगलताई दोन वर्षं दुरुस्त्या पाठवत होत्या. आमच्याकडे नेमणूक होत नाही. आधी चुका कळवायच्या, मग दुरुस्त्या पाठवायच्या, मग अख्खं पॅकेज स्वतः बांधायचं. जुना सदस्य ते तपासून प्रणालीत चढवतो. पुढे भरवसा बसला की चढवायचा हक्कही मिळतो. एक अट मात्र अशी, की जुन्या सदस्याने समोरासमोर भेटून, ओळखपत्र पाहून तुमच्या डिजिटल किल्लीवर, म्हणजे काम तुमचंच आहे हे पटवणाऱ्या संगणकातल्या खुणेवर, सही करायची. मी जुनी सदस्य, म्हणून त्या सहीसाठी गुरुवारी पहाटेची गाडी पकडली.

कुर्डुवाडीला उतरून परंड्याची एसटी धरली. पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं आम्ही. दोन्ही बाजूंच्या काळ्या रानात ज्वारी डोलत होती. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुणाकडं?"

"मंगलताईंकडे. टायपिंग क्लासवाल्या."

"मग कुठंबी उतरा. अर्ज टायपायचा म्हणलं की गावात त्यांचंच दार दावत्यात."

दार औषधाच्या दुकानावर निघालं. वर फडक्याखाली झाकलेले जुने टाइपरायटर, भिंतीला चार संगणक. मंगलताई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी पाणी दिलं आणि माझ्यापुढं एक कागद सरकवला. त्यावर दोन्ही अंगठ्यांचे निळे ठसे, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या.

"हे काय, ताई?"

"ठसा. तुमच्याच पत्रकात हाय की, 'ओळखपत्र व किल्लीचा ठसा सोबत आणावा'. किल्ली तर संगणकात. तिला ठसा कुठनं आणू? म्हणलं, किल्लीवालीचा अंगठा मागत असतील. दस्ताला लागतो तसा."

पत्रक माझंच होतं. किल्लीचा चाळीस अक्षरांचा ओळखक्रमांक असतो, त्याला मी ऐटीत 'ठसा' हा शब्द दिला होता आणि त्याचा अर्थ कुठंच दिला नव्हता. मी समजावून सांगितलं. ताई इतक्या हसल्या की चष्मा निसटला. "साक्षीदारांना च्या पाजला ना मी!"

त्या संगणक सुरू करायला उठल्या आणि लाईट गेली.

"दोनला येती. चला जेवायला."

मागच्याच बाजूला त्यांचं घर. ज्वारीची भाकरी आणि शेंगोळं (हुलग्याच्या पिठाच्या वळ्यांची झणझणीत आमटी). तिसऱ्या घासाला ताईंनी विचारलं, "'कुठं', 'इथं', 'लई' हे शब्द यादीत घ्या म्हणून म्या पाठवलं होतं. 'अशुद्ध. बंद.' एवढंच उत्तर आलं. कोण हो ते?"

"मीच."

"व्हय?" आता त्या हसल्या नाहीत. "माझ्या बोलण्याखाली लाल रेघ वढायची, आन् वर पत्रक काढायचं, मराठी वाचवा! तुमच्या पत्रकात राग लई. काम काय करायचं ते शेवटच्या वळीत."

मी प्रमाणभाषेवर बोलू लागले. त्यांनी ताटात आणखी शेंगोळं वाढलं.

"तरी दुरुस्त्या पाठवत राहिलात," मी म्हटलं.

"मग? तुमच्यावर रुसून पोरींच्या परीक्षेत 'दऱ्या'चं 'दर्या' होऊ द्यायचं? पॅकेज तुमच्या घरचं होतं व्हय?" मग हात धुता धुता म्हणाल्या, "मी सांभाळायला घेतलं, तर शब्द कुणाच्या हातात?"

"तुमच्या. पॅकेज नीट बांधलंय का, एवढंच मी बघायचं."

"आन् तुमी अडवलं तर?"

खोटं बोलता आलं नाही. "तुम्हाला हक्क मिळेपर्यंत अडवू शकते."

"मग सहीच्या आदी सांगा, पोरी. अडवणार असाल तर ऱ्हाऊ द्या ते अनाथ."

मी म्हटलं, आधी दाखवा तरी.

दोनला लाईट आली. त्यांनी शब्द नुसते कोंबले नव्हते. बोलीची वेगळी यादी केली होती. अर्ज लिहिताना ती बंद ठेवायची, पत्र किंवा गोष्ट लिहिताना सुरू. प्रत्येक शब्दापुढं तो कुठं ऐकला ते गाव: परंडा, जळकोट, तुळजापूर. दोन शब्दांत मी जे बंद केलं, त्यावर या बाईंनी दोन वर्षं कान लावला होता.

"नाही अडवणार," मी म्हटलं.

मग त्यांनी किल्लीची अक्षरं वाचली. चार-चारच्या गटात, क्लासात उतारा सांगतात तशी ठणठणीत. मी पुण्याहून लिहून आणलेल्या कागदाशी ती ताडून पाहिली, ओळखपत्र पाहिलं, सही केली. पॅकेज तपासलं. चूक सापडली नाही. चढवलं.

कुर्डुवाडीच्या फलाटावर फोनवर ईमेल आला. पॅकेज स्वीकारलं होतं, सांभाळणाऱ्याच्या जागी मंगलताईंचं नाव. बदलांच्या नोंदीत त्यांची ओळ होती: 'बोलीतले शब्द घेतले. आधीचा नकार रद्द.' नकार कुणाचा, ते गाळलं होतं. मी तिथूनच फोन लावला. "ताई, पुढच्या नोंदीत माझं नाव टाका. चूक माझी होती."

"टाकते की. आदी गाडीत बसा."

पुण्यात उतरले तेव्हा राग शिल्लक होता, तो राहीलही. पण लोक मला विचारतात, पॅकेज सांभाळणारा माणूस कसा तयार होतो, तर आता मी सहीचं आणि किल्लीचं सांगत बसत नाही. 'अशुद्ध. बंद.' हे वाचून परंड्याच्या एका बाईंनी पुन्हा दुरुस्ती पाठवली, त्या दिवशीच त्या सांभाळणाऱ्या झाल्या होत्या. त्यांचे आभार मानायला मला दोन वर्षं उशीर झाला.