बिअर उतरवण्याचं सोवळं

घरी आंबवलेली बिअर पिंपातून केगमध्ये, म्हणजे नळ असलेल्या धातूच्या बंद डब्यात, उतरवणं हे माणसाच्या संयमाची कसोटी पाहणारं कर्म आहे. हे मत माझं नाही, इंग्लंडातल्या स्लाऊमधल्या आमच्या मराठी शेजाऱ्यांचं आहे. घरात सोवळं-ओवळं पाळत नाही, हे ते अभिमानाने सांगतात. पण केग भरायच्या दिवशी त्यांच्या गॅरेजबाहेर बूट काढावे लागतात, कशाला हात लावलेला चालत नाही आणि नळीतून बिअर वाहत असताना बोललेलं तर मुळीच खपत नाही. "ऑक्सिजन हा बिअरचा शत्रू आहे," असं ते आमच्याकडे रोखून बघत सांगतात, जणू तो आम्हीच सोबत आणलाय.

त्यांनी मागच्या खेपेला केलेली बिअर पिऊन पलीकडचा इंग्रज शेजारी फक्त "इंटरेस्टिंग" म्हणाला होता. शनिवारी तो बार्बेक्यूला येणार होता आणि या खेपेला त्याच्याकडून कौतुक वदवून घ्यायचंच, असा गृहस्थांचा निर्धार होता. पिंपावर नजर खिळवून ते उभे राहिले. त्यांची बायको केगपाशी गप्प, मी दाराशी गप्प.

पिंप रिकामं झालं तेव्हा माझे मोजे भिजले होते. केगचा नळ उघडाच राहिला होता.

"अगं, दिसत होतं तर सांगायचं नाही का?"

"तूच म्हणालास ना, कोणी बोलायचं नाही!"

शनिवारी सगळ्यांच्या ग्लासात सुपरमार्केटच्या कॅनमधली बिअर होती. इंग्रज शेजारी एक घोट घेऊन म्हणाला, "मच बेटर!"

गृहस्थांनी मान किंचित झुकवली आणि "थँक यू" म्हटलं.