अभिप्रायार्थ रवाना

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या कलेक्टर कचेरीत मी अपिलांच्या टेबलावर कारकून होतो, आणि एक दिवस थोरल्या भावाचंच अपील माझ्या पुढ्यात आलं. मोडनिंबला सडकेलगतच्या आमच्या तुकड्यावर त्याला दोन खोल्या बांधायच्या होत्या. रस्त्याच्या खात्याने अभिप्राय दिला, बांधकाम रस्त्याला फार जवळ आहे, मागे सरकवावं. मागे ओढा होता. त्या अभिप्रायावर प्रांत अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली.

अपील आलं की त्याच खात्याला पुन्हा अभिप्राय विचारायचा, ही आमची पद्धत. 'अभिप्रायार्थ रवाना' हा शेरा मी रोज न वाचता लिहायचो. भावाच्या कागदावरही लिहिला. न लिहून जातो कुठे?

उत्तरात तेच वाक्य आलं, फक्त तारीख नवी. अपील फेटाळलं गेलं.

भाऊ निकालाची नक्कल घ्यायला आला. "ज्यानं न्हाय म्हटलं त्यालाच पुन्ना इचारलंस व्हय?"

मी नियम सांगू लागलो. माझाच आवाज मला सहन होईना.

त्याने फायलीतल्या माझ्या शेऱ्यावर बोट ठेवलं. "अक्षर लई चांगलं हाय तुझं," तो म्हणाला. "मीच गिरवून घेतलं हुतं की."