लीलाताईंची शेगडी

गरिमा लग्न होऊन दर्पण कॉलनीतल्या घरात आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी लीलाताईंनी मागच्या खोलीत स्वतःची शेगडी मांडली. सून भिंडच्या ठाकुरांची. माहेरी मटण शिजायचं. "तिचं तिच्यापाशी. माझ्या सोवळ्यात नको," एवढंच त्या म्हणाल्या. दिनकरराव तेव्हा हयात होते. सुनेच्या हातचं वरण चवीनं भुरकत ते बायकोला म्हणायचे, "लीला, हट्टाला वय नसतं, हातापायांना असतं." गरिमानं वर्षभर रोज ताट वाढून आणलं. रोज ते तसंच परत गेलं. मग तिनं आणायचं सोडलं.

त्याला एकोणीस वर्षं झाली. दिनकरराव गेले. लीलाताईंना अठ्ठ्याहत्तरावं लागलं, हात कापू लागले, सोवळं कधी सुटलं ते त्यांनाही कळलं नाही. चहात बुडवलेल्या पावावर दिवस निघायचा. पुढच्या स्वयंपाकघरात फोडणी बसली की त्या दाराशी येऊन उभ्या राहत.

"काय केलंस गं आज? दुधी का?"

"लौकी."

'मलाही वाढ' म्हणायला लीलाताईंची जीभ रेटत नसे.

मार्चमध्ये एका सकाळी अपर्णा आली. शहरातल्याच हजीऱ्याची, मराठी घरातली, समाजशास्त्राची विद्यार्थिनी; कॉलनीतल्या घरांची पाहणी करत होती. लीलाताईंचा मुलगा गुरुप्रसाद ऑफिसला गेला होता.

"आजी, या घरात कुटुंबं किती?"

"कितीचं काय विचारतेस? एकच. मुलगा, सून, नात आणि मी. लिही चार."

"नुसतं नातं नाही चालत. आमच्या पाहणीत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. मुलगा पुण्याला असेल तर तो धरत नाहीत. घरातच राहणारा, जेवणारा नोकर धरतात."

"मेलं, हे कसलं कुटुंब!"

"मोजायला सोपं पडतं, आजी."

लीलाताईंनी मागच्या खोलीकडे पाहिलं. मग एका दमात म्हणाल्या, "मग एकाच चुलीवर जेवतो आम्ही." आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या सुनेकडे पाहिलं. गरिमानं नुसती मान हलवली असती, तरी उद्यापासून ताट मागायला तोंड उरलं असतं.

गरिमानं पदराला हात पुसले. "आई, उन्नीस सालात माझ्या हातचा एक कौर तरी खाल्ला तुम्ही? मग झूठ का लिहवता?"

"आता खाईन ना. तू वाढ तर."

एकोणीस वर्षांत न निघालेले शब्द परक्या मुलीसमोर निघाले. गरिमा हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

"साल भर थाळी घेऊन त्या दरवाज्यात उभी राहायची मी. रोते-रोते परत न्यायची. तेव्हा कोणाला बोलावलं नाहीत लिहून घ्यायला. आता मला सवय नाही राहिली, आई."

ती आत गेली. अपर्णानं खाली पाहत दुसरा कोरा फॉर्म काढला. चूल डोळ्यांनी पाहायचा नियम होता, म्हणून ती मागच्या खोलीत आली. शेगडीवर दुधाचं एक पातेलं होतं. तिनं लिहिलं. कुटुंबप्रमुख: लीलाताई. सदस्य: एक.

"आजी, आणखी एकच प्रश्न. काल या कुटुंबात काय शिजलं होतं?"

लीलाताई खाटेच्या कडेवर टेकल्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तसंच लिही."