सव्वा मूठ गहू

"जिजी, वरल्या पोरनी मूठ धरू का?" जात्यापाशी बसलेल्या सुनेने घरमालकिणीला विचारले.

"भाडेकरूनी मूठ कशी धरानी वो? रोट घरना माणसेसनाच ऱ्हास."

आज श्रावणात मी गिरणीतून एकटीपुरते पीठ आणले आणि त्याच्या कोमट वासाने पुन्हा नंदुरबारच्या त्या लाकडी जिन्यावर जाऊन उभी राहिले. तिथल्या मुलींच्या शाळेत मी शिकवत होते आणि जिजींच्या माडीवर भाड्याने राहत होते. कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक माणसामागे सव्वा मूठ गहू घेतात, एवढे मला कळले होते. वर्षभरात 'हो' आणि 'नाही' यापलीकडे मी फारशी बोलले नव्हते. आपली अहिराणी हिला समजत नाही, असेच त्या दोघी धरून चालल्यात, असे मला तेव्हा वाटे.

माझ्याशी अहिराणीत बोलणारी आई गेल्यापासून मी इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात वाढले. तिथे जेवणाची घंटा वेळेवर होई, पण माझ्या नावाने धान्य कुणी काढत नसे. म्हणून जिजींचे बोलणे मला तेव्हा फार लागले. आता वाटते, सुनेने तो प्रश्न जिन्याकडे तोंड करूनच विचारला असावा.

गहू मोजून झाले होते. जिजींनी जात्याचा खुंटा धरला. मी हातातला तांब्या पायरीवर ठेवला आणि त्याच्याकडेच पाहत म्हणाले,

"जिजी, मन्ही बी मूठ धरा."