गुरुवारी सुट्टी असणाऱ्याचा न्याय

नोव्हेंबर १९७४, दुसरा रविवार, दुपारी तीन, चिंचवडला चर्चच्या पाळकांचे घर. हजर: पाळक, मंडळीचे दोन वडीलजन (एक शाळामास्तर, एक बँकेतले), टिपण लिहायला मी, आणि कुरुळीहून आलेली एक बाई.

बाईचा नवरा लेथवर कामाला. कारखान्याची सुट्टी गुरुवारी, म्हणून रविवारची उपासना त्याला कित्येक वर्षे जमली नव्हती. आता तो इस्पितळात होता. न्यायाच्या दिवशी देव आपल्याला डाव्या हाताला, नरकात जाणाऱ्या शेरडांत उभे करणार, या धास्तीने त्याने जेवण सोडले होते. कुणीतरी येऊन त्याच्याजवळ प्रार्थना करावी, एवढेच बाईचे म्हणणे. भेटीची वेळ चार ते सहा.

"विश्रांतिवार मोडला तो मोडलाच," मास्तर म्हणाले.

"खरा विश्रांतिवार शनिवारचा, मास्तर. शनिवारी शाळा भरवता त्याचं काय?" बँकेतले म्हणाले.

मग न्याय विश्वासावर होतो की कृत्यांवर, हे पाळकांनी शास्त्रातून काढायला घेतले. आजाऱ्याच्या समाचाराला जाणारे उजव्या हाताला असतील, हा भाग त्यांनी फार सुरेख समजावला. तोवर सव्वासहा झाले.

"म्हंजे आज कुनी येत न्हाई?"

"पुढच्या रविवारी नक्की. उपासनेनंतर."

"आप्रेशन बुधवारी हाय," म्हणत बाईने चपला घातल्या.

तो वाचला, पण गुरुवारीसुद्धा आमच्याकडे कधी फिरकला नाही. 'आजाऱ्याची भेट' हे काम मी तेव्हाच वहीत माझ्या नावावर लिहिले होते. त्यापुढे अजून बरोबरची खूण नाही.