उजवा कान

आमच्या बुढ्याले, म्हनजे माह्या नवऱ्याले, बळीरामले, पत्र्यावरच्या फोटोचं याड होतं. कागदावरचे नाई बरं, काळ्या पत्र्यावरचे. लय जुन्या काळी जत्रेतले फोटोवाले जागच्या जागी काढून हाती द्यायचे ते. ढाणकीच्या आजूबाजूनं सायकलवर भंगार घेत फिरता फिरता त्यानं पेटीभर जमवले. एकात नवरदेव बंदूक घेऊन बसलेला, एकात पैलवानाच्या खांद्यावर वांदर. मी म्हनो, "अजी, लोकाइचे मेलेले मानसं कायले आनता घरात?" बुढा नुसता हासे.

खरं कारन मले ठाऊक होतं. याच्या बाळंतपनात याची माय गेली, यानं तिचं तोंड पाह्यलंच नाई. याच्या आत्याबाईनं याले सांगतलं होतं, तुझ्या मायनं जत्रेत मांडीवर बकरीचं पिल्लू घेऊन पत्र्यावर फोटो काढला होता. तो फोटो घरातून कुठी गेला कोनाले ठाऊक. निशानी एकच, डाव्या कानाची पाळी फाटलेली. साठी उलटली तरी बुढा तोच कान धुंडून राह्यला होता.

मंग कापसानं गावाची माती केली ते सालं आले. घरोघरचं भंगार निघालं, लोकाइनं बंडीच्या चाकाच्या लोखंडी धावासुद्धा विकल्या. दिवाळीच्या तोंडावर अशाच एका पोत्यातून एक फोटो निघाला. बाई, अन् मांडीवर बकरीचं पिल्लू! बुढा तो घेऊन दारात आला. त्यानं चष्मा पुसला, अन् कान पाह्यले. फाटलेली पाळी उजवी होती.

"अजी, हनुवटी तं पाहा, तुमचीच हाये," मी म्हटलं.

"चूप राय वं! बकरी कोनीबी घेते. कान थोडीच बदलते?" बुढा खेकसला अन् पत्रा भिंतीकडं फेकला. "नेऊन टाक कुठंबी. मले दिसू देऊ नको."

मलेबी राग आला. दिवाळीचे भांडे घासाले काढलेच होते, त्याच्यात तोबी घेतला. चिंच, राख अन् नारळाची शेंडी. काळं निघता निघेना, पन मीबी हट्टाची. लख्ख केला अन् ताकाच्या मडक्यावर झाकन म्हनून ठेवला.

आठ दिवसानं बुढा पेटी घेऊन उमरखेडले गेलता, घनश्याम फोटोवाल्याले दाखवाले. घनश्याम बोलता बोलता म्हने, "काका, पत्र्यावरचा फोटो उलटा येते. आरशावानी. डावं ते उजवं दिसते."

बुढा पेटी तिथंच टाकून एसटीत बसला. ते पेटी अजून घनश्यामकडंच हाये. बुढा दारातूनच ओरडला, "कांता, तो फोटो कुठी हाये? माय होय ते! माही माय होय!"

मी मडक्यावरचं झाकन काढलं, पदरानं पुसलं, त्याच्या हाती देल्लं.

त्यानं उजेडात धरून इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं वो. नाई देल्या. लेकरावानी म्हने, "मी तं निरा कानच पाहत बसलो. तू तोंड पाह्यलं होतं ना? कसं होतं, सांग."

मी सांगतलं. तवापासून बुढा रोज विचारते, अन् मी रोज सांगते. खरं सांगू? मले आता ते तोंड आठवत नाई.