खंडेनवमीचे अकरा फोटो

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. संडासाला कडी नव्हती म्हणून माझी नोकरी गेली, असं लोक म्हणतात. साफ खोटं. कडी मागितली म्हणून गेली.

एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी कोअर करायची. ओतलेल्या लोखंडात पोकळी राहावी म्हणून आत वाळूचा गाभा घालतात, तो कोअर. आम्ही सात बायका आणि संडास एक, तोही बिनकडीचा. एक आत गेली की दुसरीनं बाहेर राखण करायची. शेवटी मी थोरल्या मालकांच्या मुलाला, म्हणजे आमच्या साहेबांना, सगळ्यांदेखत म्हटलं, "साहेब, एक कडी तेवढी लावा की. किती दिवस राखण करायची?" ते नुसते हसले. चौथ्या दिवशी वॉचमननं मला गेटवर अडवलं.

"मावशी, तुमास्नी आत सोडू नको म्हणालेत."

कोडोलीहून पहिली एसटी धरून आलेली मी! डोक्यात तिडीक गेली. पण नुसतं बोंबलून गेट उघडत नाही, एवढी अक्कल होती.

राजारामपुरीत एक वकीलबाई कामगारांच्या केसेस चालवतात. त्यांनी विचारलं, नेमणुकीचं पत्र? नाही. पगाराची चिठ्ठी? ती कधी दिलीच नाही. हजेरीकार्ड? फौंड्रीत. आणि कामगार न्यायालयात साहेबांनी लिहून दिलं, की ही बाई आमची कामगार नव्हेच, ठेकेदारानं कधीमधी आणली असेल. कधीमधी! अकरा वर्षं भाजलेले माझे हात कधीमधीचे? मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. नोकरी तर परत हवीच होती, पण आधी तो शब्द खोटा पाडायचा होता.

पुरावा माझ्याच घरात निघाला, पिठाच्या डब्याखाली.

थोरल्या मालकांचा एक नेम होता. खंडेनवमीला भट्टी थंड ठेवून यंत्रांची पूजा करायची. भट्टीपुढं रांगोळीत सालाचा आकडा काढल्याशिवाय ते नारळ फोडत नसत. ती रांगोळी माझ्याकडं. मग फेटा बांधून सगळ्या कामगारांबरोबर फोटो, आणि दिवाळीला मिठाईच्या पुड्यासोबत ज्याला त्याला फोटोची प्रत. चिठ्ठी कधी मिळाली नाही, पण फोटो एकदाही चुकला नाही. अकरा सालांचे अकरा फोटो, प्रत्येकात पुढं आकडा आणि मागं मी.

साहेब साक्षीत म्हणाले, "पूजेला कोणीही येतं. शेजारपाजारच्या बायकाही येतात."

वकीलबाईंनी मग थोरल्या मालकांनाच साक्षीला बोलावलं. मी मनात म्हटलं, बाप काय मुलाविरुद्ध बोलणार? त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक फोटो निरखून बघितला. समोर साहेब डोळ्यांनी खुणावत होते.

"ही रांगोळी कोणी काढली?" वकीलबाईंनी विचारलं.

"हिनंच की. दरसाली," म्हातारा खणखणीत बोलला. "कोअरला असती ती. आमच्या भट्टीम्होरं परकं माणूस बसत न्हाय."

मला तर त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

निकाल लागला: नोकरीत खंड न धरता कामावर परत घ्या. वॉचमननं गेट उघडलं, मी तडक संडास बघायला गेले. कडी होती. आतून नीट बसत होती.

यंदाच्या खंडेनवमीला थोरले मालक आजारी होते आणि साहेबांनी फोटोवाला बोलावलाच नाही. का, ते मला बरोबर कळलं. कोअरवर तीन नव्या पोरी आल्यात, ठेकेदाराच्या नावावर. त्या लाजून पार मागं भिंतीला टेकल्या होत्या. मी सालाचा आकडा काढला, जरा मोठाच काढला. मग हात पुसले, वॉचमनच्या हातात माझा मोबाईल दिला आणि पोरींना दंडाला धरून रांगोळीपाशी आणलं.

"पुढं व्हा गं," म्हटलं, "तोंडं दिसू द्यात."